कॅल्शियम नॉर्मल, तरी हाडे कच्ची का? टीपीएनवरच्या मुलांच्या आईवडिलांसाठी

आतडे निकामी झालेल्या, शिरेतून पोषण (टीपीएन) घेणाऱ्या मुलांच्या आईवडिलांकडून एक प्रश्न वारंवार येतो. मूल साधेच पडले आणि हात मोडला. किंवा न्यूमोनियाच्या शंकेने छातीचा एक्स-रे काढला आणि त्यात बरगडीचे जुने, आपोआप जुळून आलेले फ्रॅक्चर दिसले. आईवडील फाइल उघडून दाखवतात: प्रत्येक रिपोर्टात कॅल्शियम नॉर्मल, टीपीएनच्या बॅगेतून रोज कॅल्शियम जातेच आहे, वर व्हिटॅमिन डीचे थेंबही चालू आहेत. मग हाडे ठिसूळ कशी झाली?

रक्तातले कॅल्शियम हाडांची खबर देत नाही, हे आधी नीट समजून घ्या. शरीरातले 99 टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असते. हृदय, स्नायू आणि मज्जातंतू चालायला रक्तात त्याची ठरावीक पातळी लागते. ती घसरू लागली की पॅराथायरॉइड ग्रंथीचे हार्मोन हाडांतून कॅल्शियम काढून ती भरून देते. घरखर्च भागवण्यासाठी मुदतठेव मोडत राहावी तसा हा प्रकार आहे. महिन्याचा हिशेब जुळतो आणि ठेव आटत जाते. त्यामुळे कॅल्शियमचा एकच नॉर्मल आकडा पाहून निश्चिंत होऊ नका. हाडांसाठी काय काय पाहायचे आणि काय विचारायचे, ते पुढे दिले आहे.

ही काळजी कोणत्या मुलांबाबत घ्यायची?

अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आतड्याचा गंभीर दाह, आतड्याला पडलेला पीळ, जन्मतः पोटाबाहेर आलेली आतडी, अशा कारणांनी आतड्याचा मोठा भाग काढावा लागलेली मुले यात सर्वाधिक असतात. आतडे लांबीने पुरेसे असूनही हालचाल किंवा शोषण न होणारी मुलेही यातच येतात. टीपीएन काही आठवड्यांच्या पुढे लांबले, की हाडांचा विचार सुरू व्हायला हवा. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना धोका जास्त असतो, कारण हाडांतला खनिजसाठा मुख्यतः गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत भरतो आणि तो काळच त्यांना मिळालेला नसतो.

बॅगेतले कॅल्शियम का पुरत नाही?

इथे जरा थांबा, कारण बहुतेक निर्णय या कारणांवरच अवलंबून आहेत.

पहिले कारण बॅगेतच आहे. हाडाला कॅल्शियम आणि फॉस्फरस दोन्ही हवेत, पण एकाच द्रावणात दोन्ही जास्त झाले की त्यांचा साका बनतो. तो शिरेत गेला तर जिवावर बेतते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1994 मध्ये अशा मृत्यूंनंतरच सगळ्या रुग्णालयांना इशारा दिला होता. त्यामुळे फार्मासिस्ट मात्रा मर्यादेत ठेवतात, आणि ते बरोबरच आहे. काही ठिकाणी साध्या फॉस्फेटऐवजी सोडियम ग्लिसरोफॉस्फेट हे सेंद्रिय फॉस्फेट वापरतात. त्याचा साका सहजी बनत नाही आणि दोन्ही खनिजे जास्त देता येतात. तुमच्या रुग्णालयात ते मिळते का, हे विचारण्यासारखे आहे. मात्र बॅगेत किंवा लाइनमधून घरी स्वतःहून काहीही मिसळू नका. चरबी मिसळलेल्या पांढऱ्या बॅगेत साका डोळ्यांना दिसतच नाही, म्हणून फिल्टर सांगितला असेल तर तो कधीच वगळू नका.

दुसरे कारण लघवी. दिवसभर सावकाश जाणारी बॅग रात्रीच्या दहा-बारा तासांत संपवायला लागलो, की मूल दिवसा मोकळे होते, शाळेत जाऊ शकते; पण वेगाने गेलेल्या कॅल्शियमचा काही भाग लघवीवाटे निघून जातो. बॅगेत प्रथिने, सोडियम किंवा व्हिटॅमिन डी गरजेपेक्षा जास्त असले, रक्तात आम्लता वाढली, लघवी वाढवणारे फ्रुसेमाइड चालू असले, तरी हेच होते. रात्रीची बॅग बंद करा असे मी म्हणणार नाही, दिवसाच्या मोकळेपणाचे मोल फार आहे. पण वेळापत्रक बदलल्यावर लघवीतले कॅल्शियम तपासून घ्या.

तिसरे कारण अ‍ॅल्युमिनियम, आणि याबद्दल आईवडिलांना सहसा कोणी सांगत नाही. टीपीएनमध्ये मिसळल्या जाणाऱ्या काही औषधांत ते अशुद्धी म्हणून येते. काचेतून ते द्रावणात उतरते, आणि कॅल्शियम ग्लुकोनेट आपल्याकडे सहसा काचेच्या अँप्युलमध्येच मिळते. तोंडावाटे गेलेले अ‍ॅल्युमिनियम आतडे बहुतांशी अडवते. शिरेतून गेलेल्याला अडवणारे कोणी नसते. मूत्रपिंडे कोवळी किंवा कमजोर असतील तर ते हाडांत साठते आणि नवे हाड घट्ट होऊ देत नाही. अमेरिकेच्या नियमात दिवसाला किलोमागे 5 मायक्रोग्रॅम ही धोक्याची रेषा दिली आहे. प्लॅस्टिकच्या कुपीतल्या कॅल्शियम ग्लुकोनेटमध्ये अ‍ॅल्युमिनियम बरेच कमी असते. बॅग तयार करणाऱ्या फार्मासिस्टला एवढेच विचारा: "आमच्या मुलाच्या बॅगेत कोणते कॅल्शियम वापरता? कमी अ‍ॅल्युमिनियमचा पर्याय मिळेल का?"

याशिवाय आतड्यातून व्हिटॅमिन डी आणि मॅग्नेशियम नीट न शोषले जाणे, टीपीएनमुळे यकृतावर आलेला ताण, वारंवारचे लाइन इन्फेक्शन आणि लांबलेला अंथरुणातला मुक्काम हेही आहेच. काही औषधांकडे वेगळे लक्ष ठेवा:

- स्टेरॉइड, विशेषतः महिनोन्‌महिने चालू असलेले.
- आम्लपित्ताच्या गोळ्या. ऑपरेशननंतर सुरू होतात आणि बंद करायचे कोणाच्या लक्षात राहत नाही. अजून गरज आहे का, हे दर भेटीत विचारा.
- शिरेतून दिले जाणारे लोह. फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज या प्रकाराने काही रुग्णांत फॉस्फेट कित्येक आठवडे घसरलेले राहते. हे इंजेक्शन झाले असेल तर नंतर फॉस्फेट तपासायला सांगा, किंवा दुसरा प्रकार चालेल का ते विचारा.

कोणत्या तपासण्या, आणि त्या वाचायच्या कशा?

टीपीएन स्थिरावलेल्या मुलाच्या रक्ताच्या तपासण्या साधारण दर तीन ते सहा महिन्यांनी होतात. लहान बाळांत आणि बॅगेचा फॉर्म्युला बदलल्यावर त्याहून लवकर. कॅल्शियमसोबत फॉस्फेट, मॅग्नेशियम, अल्कलाइन फॉस्फटेज, पॅराथायरॉइड हार्मोन, 25-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी आणि लघवीतले कॅल्शियम-क्रिएटिनिन प्रमाण पाहायला हवे. छोट्या बाळाचे रक्त पुन्हा पुन्हा काढणे टाळण्यासाठी सगळ्या चाचण्या एकाच वेळी लिहून मागा.

अल्कलाइन फॉस्फटेज वाढत्या मुलांत मोठ्यांपेक्षा मुळातच जास्त असते, म्हणून रिपोर्टावरची मोठ्यांची मर्यादा पाहून घाबरू नका. ते यकृताच्या त्रासानेही वाढते. सोबत जीजीटी तपासले की वाढ यकृताची की हाडांची, याचा अंदाज येतो. उलट झिंक कमी पडले तर हा आकडा खाली येतो, आणि हाडांचा त्रास असूनही रिपोर्ट बरा दिसतो. एका आकड्यापेक्षा मागच्या तीन-चार रिपोर्टांतला चढउतार जास्त सांगून जातो. वहीत एक तक्ता करा: तारीख, वजन, उंची, आकडे, आणि त्या दिवशी चालू असलेला बॅगेचा फॉर्म्युला. लघवीचा नमुना बॅग चालू असताना घेतला की बंद असताना, हेही लिहा; दोन्ही आकड्यांत बराच फरक पडतो.

हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी साधारण पाच वर्षांनंतर करता येते आणि टीपीएनवरच्या मुलांत बहुधा वर्षातून एकदा करतात. किरणांचे प्रमाण अगदी कमी असते. तिथे या गोष्टींकडे लक्ष द्या:

- मुलांसाठी झेड-स्कोअर पाहतात. टी-स्कोअर हा तरुण प्रौढांशी तुलना करतो, मुलांना तो लागू नाही. मोठ्यांच्या सेंटरवर तपासणी केली तर टी-स्कोअर छापून खाली 'ऑस्टिओपोरोसिस' लिहिलेला रिपोर्ट हाती येऊ शकतो. तसा आला तर धसका घेऊ नका, रिपोर्ट दुरुस्त करून मागा.
- मूल वयाच्या मानाने बुटके असेल तर घनता आहे त्यापेक्षा कमी दिसते. उंचीनुसार दुरुस्ती केली आहे का, ते विचारा.
- आधीच्या काही दिवसांत बेरियमची तपासणी झाली असेल तर आधी सांगा. पोटात उरलेले बेरियम आकडा बिघडवते.
- पुढच्या वर्षीही शक्यतो त्याच मशीनवर करा.

झेड-स्कोअर उणे 2 किंवा त्याखाली गेला म्हणजे घनता कमी आहे, एवढेच कळते. मुलांमध्ये ऑस्टिओपोरोसिस हे निदान फक्त त्यावरून करत नाहीत. सोबत लांब हाडांच्या फ्रॅक्चरचा इतिहास लागतो: दहाव्या वर्षापर्यंत दोन किंवा अधिक, एकोणिसाव्यापर्यंत तीन किंवा अधिक. मोठा मार न लागता मणका दबला असेल, तर मात्र तेवढ्यावरही निदान होते. मणका दबला तरी मूल तक्रार करेलच असे नाही, म्हणून पाठ दुखत असेल किंवा उंची थांबली असेल तर पाठीचा बाजूने घेतलेला एक्स-रे मागा.

व्हिटॅमिन डी: सर्वांत जास्त चुका इथे होतात

टीपीएनवरच्या मुलांत 25-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी 20 नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटरच्या वर ठेवण्याचे उद्दिष्ट असते. परदेशातल्या मराठी कुटुंबांनी एकक पाहावे: ब्रिटनमध्ये हाच आकडा 50 नॅनोमोल प्रति लिटर असा छापतात. तिकडचा 50 आणि इकडचा 20 एकच.

आपल्याकडे 60,000 युनिटची पुडी कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळते. ती सहसा आठवड्यातून किंवा महिन्यातून एकदा घ्यायची असते. ती रोज दिली गेली तर विषबाधा होते, कॅल्शियम भलते वाढते आणि मूत्रपिंडाला इजा पोहोचते. थेंबांचेही तसेच. बाजारात 400 युनिट प्रति मिलीलिटर आणि 800 युनिट प्रति मिलीलिटर अशी दोन्ही ताकद मिळते. ब्रँड बदलला की मिलीलिटर तेवढेच राहते आणि मात्रा दुप्पट किंवा निम्मी होते. चिठ्ठीवर युनिट आणि मिलीलिटर दोन्ही लिहून घ्या, आणि बॅगेतल्या व्हिटॅमिनमधून किती जाते ते धरून एकूण मात्रा ठरवायला सांगा.

कोवळ्या उन्हाचा सल्ला घरोघरी मिळतो. ऊन जरूर द्या, पण सकाळी सात-आठच्या तिरप्या उन्हात व्हिटॅमिन डी बनवणारे किरण फार थोडे असतात आणि बंद खिडकीच्या काचेतून ते येतच नाहीत. उन्हाच्या भरवशावर औषध बंद करू नका.

घरात काय जपायचे

आतडे थोडेफार काम करत असेल तर तोंडाने खाऊ घालण्याचा हाडांनाही फायदा आहे. नाचणी सत्त्व, दूध, दही, पनीर यातले काय आणि किती चालेल ते आहारतज्ज्ञ ठरवतील. नाचणीत कॅल्शियम भरपूर असते हे खरे, पण आखूड आतड्यातून त्यातले किती शोषले जाईल याची हमी नाही, म्हणून ते औषधाच्या जागी धरू नका. कॅल्शियमचे औषध तोंडाने चालू असेल आणि मोठे आतडे जोडलेले असेल, तर ते जेवणासोबत द्यायचे का ते विचारा. जेवणातले ऑक्झलेट कॅल्शियमला चिकटून शौचावाटे जाते आणि मुतखड्याचा धोका कमी होतो.

तान्ह्या बाळांच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त काळजी मालिशची वाटते. आपल्याकडे मालिशवाल्या बाई बाळाचे हात छातीवर फुलीसारखे ताणतात, पाय डोक्याकडे नेतात, पाय धरून बाळ उलटे करतात. हाडे कच्ची असलेल्या बाळाला यातून फ्रॅक्चर होऊ शकते. आजींना आणि बाईंना स्पष्ट सांगा: तेल हलक्या हाताने लावायचे, ताण द्यायचा नाही, ओढायचे नाही. लंगोट बदलतानाही दोन्ही घोटे एका हातात धरून ढुंगण उचलू नका. ढुंगणाखाली तळहात सरकवून उचला. काखेत धरून उचलण्याऐवजी एक हात मानेखाली आणि एक बुडाखाली द्या. सदऱ्याच्या बाहीत आपली बोटे घालून बाळाचा हात अलगद बाहेर घ्या.

थोड्या मोठ्या मुलांना मात्र बसवून ठेवू नका. हाडाला भार मिळाला तरच ते घट्ट होते. उभे राहणे, चालणे, नाचणे, जिने चढणे हे सगळे लाइन नीट झाकून आणि बांधून चालते. धक्काबुक्कीचे खेळ, उंचावरून उड्या आणि पोहणे यांबद्दल डॉक्टरांकडून लेखी घ्या आणि ती चिठ्ठी शाळेतल्या पीटीच्या शिक्षकांना द्या. 'आजारी मूल' म्हणून सगळे वर्ष बाकावर बसवण्यापेक्षा काय चालेल याची यादी असलेली बरी.

लगेच डॉक्टरांकडे जा, जर

- बाळ उचलताना किंवा कपडे घालताना एकाएकी रडत असेल, एखादा हात-पाय हलवत नसेल;
- चालणारे मूल पाय टेकायला नकार देत असेल, किंवा पाठ सतत दुखत असेल;
- ओठांभोवती किंवा बोटांत मुंग्या, हातापायांत पेटके किंवा झटका आला असेल. हे कॅल्शियम फार खाली गेल्याचे लक्षण असू शकते. सरळ इमर्जन्सीत जा.

हाड मोडल्याची शंका असेल तर हाडवैद्याकडे नेऊन ओढून-चोळून घेऊ नका. आणि नव्या रुग्णालयात अँटिबायोटिक सुरू होणार असेल तर बॅगेत कॅल्शियम आहे हे आधी सांगा. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे नेहमीचे अँटिबायोटिक कॅल्शियमच्या द्रावणासोबत एकाच वेळी एका लाइनमधून देता येत नाही, आणि शिरेतून कॅल्शियम घेणाऱ्या नवजात बाळाला तर ते देतच नाहीत.

हाडांची इंजेक्शने घ्यावीत का?

पॅमिड्रोनेट, झोलेड्रोनिक अ‍ॅसिड ही औषधे हाडांची झीज रोखतात. केवळ डेक्साचा आकडा कमी आला म्हणून ती घेऊ नयेत. वारंवार फ्रॅक्चर किंवा दबलेला मणका असेल तर मुलांच्या हार्मोनतज्ज्ञांकडून निर्णय घ्या. त्याआधी व्हिटॅमिन डी, कॅल्शियम आणि फॉस्फेट सावरलेले हवे, नाहीतर इंजेक्शननंतर कॅल्शियम धोकादायक घसरते. दातही आधी दाखवून घ्या. पहिल्या डोसनंतर एक-दोन दिवस ताप येणे सामान्य मानतात, पण सेंट्रल लाइन असलेल्या मुलाचा ताप 'इंजेक्शनचाच' म्हणून घरी थांबू नका. 38 अंश सेल्सिअस किंवा वर ताप म्हणजे लाइन इन्फेक्शन नाही ना, हे ब्लड कल्चरने पाहायलाच हवे.

तुमचे हक्क आणि खर्च

बॅगेच्या फॉर्म्युल्याची प्रत, प्रत्येक रिपोर्ट, एक्स-रे आणि डेक्साची प्रत हा तुमचा हक्क आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यापासून 72 तासांत कागदपत्रे द्यावी लागतात. लेखी अर्ज करा आणि पोच घ्या.

एक अवघड प्रसंग येऊ शकतो. कारण न सांगता येणारे फ्रॅक्चर दिसले की डॉक्टर बाळाला मारहाण झाली का, अशी चौकशी करतात. ते त्यांचे कर्तव्य आहे; अपमान वाटला तरी चिडू नका. टीपीएनचा कालावधी, रक्ताचे आकडे आणि जुने एक्स-रे पुढे ठेवा आणि हाडांच्या आजाराची तपासणी करण्याची मागणी करा.

खर्चासाठी महाराष्ट्रात तीन दारे ठोठावा. धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवा विभागात जा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमच्या मुलाचे कोणते उपचार बसतात, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी जिल्हा पातळीवर जी केंद्रे आहेत, तिथे फिजिओथेरपीची सोय आहे का, याची चौकशी करा.

टीपीएन बंद झाल्यावर

लाइन निघाली की घरात सण साजरा होतो, आणि व्हायलाच हवा. पण इथेच हाडांकडे दुर्लक्ष होते. बॅगेतून खात्रीने जाणारे व्हिटॅमिन आणि खनिजे आता त्याच आतड्यावर अवलंबून असतात, जे अजून पुरते सावरलेले नसते. टीपीएन कमी होत जाताना आणि बंद झाल्यानंतर व्हिटॅमिन डी घसरणे फार सर्रास दिसते. त्यामुळे रक्ताच्या तपासण्या आणि डेक्सा, दोन्ही पुढेही चालू ठेवायच्या असतात, विशेषतः वयात येण्याच्या काळात, जेव्हा हाडांचा साठा सर्वांत वेगाने भरतो. पुढची तपासणी कधी आणि कोणाकडे, ही तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घेतल्याशिवाय रुग्णालयातून निघू नका.